गिरणीतला म्हसोबा

माझ्या शिलाई मशीनचं चाक एकेचाळीसच्या पावसाळ्यात गच्च बसलं, तेव्हा मी पहिल्यांदा नागूला दुकानात बोलावलं. त्याआधी माझे सगळे उपाय करून झाले होते. म्हणजे चाकाला शिव्या घातल्या होत्या, हातोडीने बडवलं होतं आणि बायकोवर खेकसलो होतो. नागूने ती हातोडी उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान पोराला मारताना सापडलोय.

मी पोपट शिंपी. खालापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा नाका, नाक्यावर माझं दुकान आणि रस्त्यापलीकडे सहदेव पाटलांची भात सडायची गिरणी. नागू त्या गिरणीत नटबोल्ट बघायला येई. तेव्हा तो पस्तिशीचा असेल. तरुणपणी तो कर्जतला रेल्वेच्या कोळशाच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा माणूस होता. घाटावर विजेची इंजिनं धावायला लागली आणि कोळशाची माणसं घरी बसली. नागू घरी आला तो एक मोठा पाना, एक छिन्नी आणि एका औषधाची कृती घेऊन.

औषध हा त्याचाच शब्द. तीन वाटे रॉकेल, एक वाटा टर्पेंटाइन आणि वर थोडं गोडंतेल, असं ते एका हिरव्या बाटलीत कालवलेलं असे. गंजलेल्या सांध्यावर तो ते कोंबडीच्या पिसाने सोडी, एकेक थेंब. मग पान्याच्या मुठीने सांध्याभोवती हलकेच टकटक करी आणि बिडी पेटवून बसून राही. गिऱ्हाइकाचा जीव वरखाली होत असे, नागू जागचा हलत नसे. अर्ध्या तासाने पुन्हा थेंब, पुन्हा टकटक. फारच अडलं तर म्हणे, "राती मुरू द्या. उद्या येतो."

माझं चाक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोन बोटांनी फिरवलं. मी विचारलं, "काय केलंस रे?" तर म्हणाला, "काय नाय मास्तर. तेलाला आत जायाला येळ दिला." नाक्यावर मला सगळे मास्तरच म्हणत. त्या दिवसापासून आमचं जमलं. तो येऊन माझ्या उंबऱ्यावर बसे आणि बोलायचं काम बहुतेक मीच करी.

त्याच्या घरात तो आणि त्याची धाकटी बहीण सोनुबाई, एवढीच माणसं. नागूची बायको बाळंतपणात गेली होती. सोनुबाई लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आली होती. बावीस-तेवीसची पोर, हाताला अशी चलाख, की लावणीच्या चिखलात तिच्या मागे राहिलेल्या बायका तिला शिव्या घालत. पावसाळ्यात ती लावणीला जाई आणि भात निघालं की गिरणीत मशीनच्या तोंडाशी उभी राहून भात आत सोडी. लढाईत रॉकेल परमिटवर आलं, तेव्हा ही दोघं दिवस मावळायच्या आत जेवण उरकून अंधारात बसायला लागली. घरातलं रॉकेल बाटलीत जाई. सोनुबाई मला हसून सांगे, "मास्तर, आमच्याकडं दिव्याआधी नट जेवत्यात."

आता त्या नटाविषयी सांगतो. सांगायचं जिवावर येतंय, पण त्याशिवाय नागूचं काहीच सांगितलं असं होणार नाही.

गिरणीच्या मशीनमध्ये लोखंडाचा एक जाड रूळ फिरे आणि त्याच्या शेजारी एक पोलादी पातं उभं असे. भात त्या दोघांच्या फटीतून रगडलं जाई आणि तूस सुटे. फट किती ठेवायची, ते एका मोठ्या नटावर होतं. नट आवळला की तांदूळ पांढरा निघे, पण कणी होई. ढिला केला की दाणा अख्खा राही, पण लाल. येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मनासारखा तांदूळ हवा, आणि इंजिनवरचा लडकू हा सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. जो सांगेल त्याच्यासाठी तो नट फिरवी. बेचाळीसच्या भादव्यात त्याने तो इतका आवळला, की पात्याचा टवका उडाला. नवं पातं मुंबईतही मिळेना, कारण सगळं पोलाद लढाईला चाललं होतं. नागूने तेच पातं कानस मारमारून सरळ केलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला तेव्हा चिडलेला होता. एरवी त्याला राग येत नसे.

"ह्ये पातं ग्येलं तर गिरन बंद, मास्तर. लडक्याला किती येळा सांगू? त्या नटाला हात लावू नको म्हनून?"

मी एका सदऱ्याला काज करत होतो. वर न बघताच म्हणालो, "शेंदूर फास त्याला. मग बघू कोण हात लावतोय."

नागू हसला. त्याचं हसू मी मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल, त्यातलं हे एक. मलाही आपल्या अक्कलहुशारीचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली आणि त्या नटावर शेंदूर चढला. साधासुधा नव्हे. कर्जतच्या शेडमध्ये वाफेचे सांधे गळू नयेत म्हणून शेंदूर जवसाच्या तेलात कालवून भरत, आणि तो वाळला की दगड होई. नागूने तसाच कालवला. नटाला डोळे लावले, वर झेंडूचं फूल ठेवलं. लडकूने हात जोडले. महिन्याभरात बायका त्याला गिरणीतला म्हसोबा म्हणायला लागल्या. सहदेव पाटलांची आई अंबाबाई दर अमावास्येला येऊन त्यावर शेंदराचा नवा हात देऊ लागली. नटाला कुणी शिवेना. पातं झिजेल तसं नागू दुसऱ्या टोकाच्या स्क्रूने ते थोडं पुढे सारून भागवून घेई; मागे घ्यायचं तर मात्र नटच सोडावा लागे. तीन दसरे गिरणी सुरळीत चालली आणि शेंदूर बोटभर जाड झाला. एकदा नागू मला म्हणाला होता, "खरवडून एकदा ढिला करून बघाया पायजे." मी म्हणालो, "चाललंय ते चालू दे." अंबाबाईच्या अमावास्येत मोडता घालायची हिंमत त्यालाही नव्हती, मलाही नव्हती.

चव्वेचाळीसच्या दिवाळीनंतर सोनुबाईचा पाट ठरला. विधवेचं दुसरं लग्न आमच्याकडे पाट लावून होतं. माणूस कर्जतजवळच्या कोंडाण्याचा, पदू नावाचा, बायको मेलेला, घरचं भात पिकवणारा. त्याने सोनुबाईला लावणी करताना पाहिलं होतं आणि तिथेच मनात धरलं होतं. नागूने हिरवं खणाचं कापड आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "चोळी चांगली शिवा मास्तर. पयल्या लग्नात तिला उसनी घातली व्हती." पाटाला सोळा दिवस होते. मी म्हटलं, अशी शिवतो की कोंडाण्याच्या बायका बघत राहतील.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस होऊन शेतात रचलेल्या भाताच्या उडव्या भिजल्या होत्या. भात ओलसर, मशीनच्या तोंडात चिकटून बसे. आत ढकलायला गिरणीत एक दांडकं ठेवलेलं असे. त्या दिवशी ते कुणीतरी कुठेतरी टाकलं होतं. दुपार टळली होती, रांग बाहेर रस्त्यापर्यंत आली होती आणि बायका घाई करत होत्या. सोनुबाईने हाताने भात लोटलं.

मी दुकानात तिचीच चोळी बेतत होतो. नागू उंबऱ्यावर होता. ओरडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ इंजिनचा पट्टा उतरवल्याचा फटका. मी उभा राहीपर्यंत नागू रस्ता ओलांडून आत गेला होता.

सोनुबाईचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत रूळ आणि पातं यांच्या फटीत गेला होता. लडकूने पट्टा ताबडतोब काठीने पाडला म्हणून तेवढ्यावर थांबलं. नागूने झाकणाचे नट सोडून झाकण बाजूला केलं आणि सगळ्यांना दिसलं. रूळ उलटा फिरवायला गेले तर बाई किंचाळली, हाड पात्यात अडकलं होतं. एकच वाट होती, पातं मागे घ्यायचं. त्यासाठी तो नट सोडायचा.

नागूने छिन्नी घेतली आणि शेंदरावर टेकवली.

"आरं, म्हसोबा हाय त्यो," मागून कुणी म्हणालं. "त्याला छिन्नी लावतूस?" दुसरा म्हणाला, "आदी नारळ तरी फोडा." लडकूला नागूने पातं धरून ठेवायला सांगितलं, तर तो दोन पावलं मागे सरला. मला त्या सगळ्यांचे गळे आवळावेसे वाटले. पण मीही पुढे झालो नाही. मी हातात हिरव्या खणाचा तुकडा घेऊन तसाच उभा होतो.

गर्दीतून अंबाबाई पुढे आली. सत्तरीची बाई, दोन वर्षं अमावास्या न चुकवणारी. नटासमोर गुडघ्यावर बसून तिने स्वतःच्या पदराने त्यावरचं सुकं फूल पुसून काढलं आणि म्हणाली, "द्येव नाय रं त्यो. नट हाय. फोड."

पण फोडणंच जमत नव्हतं. छिन्नीचा एक घाव बसला की पातं हादरे आणि ते हादरणं थेट सोनुबाईच्या हाडात जाई. पहिल्या घावाला तिचे डोळे पांढरे झाले. नागूने हातोडी टाकली. हातानेच छिन्नी दाबून तो शेंदूर कोरत बसला, टवके काढत राहिला. त्याला तेवढ्यालाच पाऊण तास लागला. खाली नट दिसला तेव्हा तो काळा पडला होता आणि आट्यांत शेंदूर गंजाबरोबर एक झाला होता. एक माणूस सायकलवर कर्जतला डॉक्टर आणायला गेला होता. कुणीतरी सोनुबाईच्या दंडाला दोरी आवळली होती.

नागूने बाटली काढली. पीस बुडवलं. एकेक थेंब आट्यांवर सोडला, माझ्या चाकावर सोडला होता तसाच. टकटक करायची सोय नव्हती. निखारा ठेवून नट तापवायचीही नव्हती, लोखंडाने ती आच तिच्या हातापर्यंत नेली असती. उरलं होतं ते फक्त थांबणं. आयुष्यभर हा माणूस लोकांना थांबायला सांगत आला होता आणि आता त्याचं तोंड मला बघवत नव्हतं.

"दादा, वढ ना रं," सोनुबाई म्हणाली.

"वढला तर हात जाईल, सोने. जरा दम धर."

"किती?"

त्याने पीस पुन्हा बाटलीत बुडवलं. तिचा डावा हात त्याने आपल्या गुडघ्यावर घेतला होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "तेल ग्येलं का आत?"

"जातंय."

पान्याला पहिल्यांदा नट हलला नाही. पुन्हा थेंब. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा नागूने पान्याला पाइप जोडला आणि लडकूला ओरडून बोलावलं. या वेळी तो आला. दोघांनी मिळून जोर लावला. बोल्ट तुटला असता तर पातं तिथेच कायमचं बसलं असतं, म्हणून नागू अर्धाच जोर लावत होता आणि घामाने निथळत होता. मग कर्र असा आवाज झाला. नट केसभर फिरला. त्यानंतर तो फिरत गेला, अगदी शहाण्यासारखा.

हात सुटला तेव्हा गिरणीची सावली रस्त्यापलीकडे माझ्या दुकानाच्या पायरीवर पोचली होती. दोन तासांहून जास्त वेळ गेला होता. डॉक्टर टांग्यातून आले, त्यांनी हात बघितला, बोटं दाबून बघितली. ती काळी आणि गार होती. तिला टांग्यात घालताना ते नागूला म्हणाले, "तासभर आधी सुटला असता तर निदान पंजा तरी वाचवता आला असता." त्यांनी ते चिडून नाही, नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोपराच्या खाली हात कापला.

चार दिवसांनी गिरणीत चौकशी झाली. वरून एक अंमलदार आला होता, सहदेव पाटील त्याच्या शेजारी खुर्चीवर. अंमलदाराने विचारलं, "नटाला शेंदूर कुणी लावला?"

"मी," नागू म्हणाला.

"का?"

"कोनी हात लावू नये म्हनून."

"ही कल्पना कुणाची?"

मी नागूपासून तीन हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे मानही वळवली नाही.

"माझीच."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी घसा खाकरला, हे मला पक्कं आठवतं. अंमलदाराने वरही बघितलं. आणि मी पुन्हा खाली बघितलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पदू कोंडाण्याहून आला, नागूच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, यंदाच्या दवाविषयी बोलला आणि गेला. पुन्हा आला नाही. त्याला नावं ठेवण्यात नाक्याने दोन महिने घालवले. पण लावणीचा हात नसलेली बाई आपल्या घरात नावं ठेवणाऱ्यांपैकीही कुणी आणली नसती. बेतलेली हिरवी चोळी माझ्या कपाटात तशीच राहिली.

नागूने त्यानंतर गिरणीत पाऊल ठेवलं नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस तो बाटली आणि छिन्नी घेऊन निघे. खालापूर, कर्जत, पार नेरळपर्यंत, जिथे गिरणी असेल, रहाट असेल, उसाचा चरक असेल, तिथे जाऊन नटांवरचा शेंदूर खरवडायचा, औषध सोडायचं, एकदा ढिला करून पुन्हा बसवायचा. कुणी बोलावलेलं नसे. बरेच लोक त्याला वेडा म्हणत. सेहेचाळीस साली एका गावात देव बाटवला म्हणून त्याला चोपलं. तो रक्ताळलेल्या कपाळाने घरी आला आणि दोन दिवसांनी परत त्याच गावात गेला, कारण एक नट राहिला होता.

सोनुबाई डाव्या हाताने सगळं करायला शिकली. भाकरी, झाडलोट, कमरेवर हंडा. एकच गोष्ट जमेना. आमच्याकडच्या बायकांची चोळी पुढे गाठ मारून बांधायची असते. एका हाताने ती गाठ बसत नाही आणि भावाला तर सांगता येत नाही. शेजारची चंद्राबाई रोज सकाळी येऊन गाठ मारून जाई. एक दिवस सोनुबाई दुकानात आली आणि खाली बघत म्हणाली, "मास्तर, गाठीबिगर चोळी व्हईल का? चंद्राबाई आजारी हाय. दोन दिस पदर गुंडाळून बसलेय."

मी तिला टिचबटणांची चोळी शिवली. तशी तेव्हा आमच्याकडे कुणी घालत नसे, बायका हसल्या असत्या, म्हणून बटणांवर मी खोटी गाठ टाचली. दाबलं की बंद होतं, वरून गाठ दिसते. तिने दुकानाच्या मागे जाऊन ती घातली आणि बाहेर आली तेव्हा रडत होती. त्यानंतर तिच्या सगळ्या चोळ्या मीच शिवल्या आणि बटणं गंजू नयेत म्हणून प्रत्येक बटणाला नागूच्या बाटलीतलं थेंबभर तेल लावलं.

एकोणपन्नासच्या श्रावणात नागू छातीच्या दुखण्याने आडवा झाला. मी भेटायला गेलो. सोनुबाई पाण्याला गेली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि बाटली उशाशी होती. पाच वर्षं मनात ठेवलेलं मी एका दमात बोलून टाकलं.

"नागू, शेंदराची अक्कल माझी होती. मी आज सोनुबाईला सांगणार आहे."

तो हळूहळू वळला. बराच वेळ त्याला धाप लागली होती.

"तुमी बोललात, मी केलं," तो म्हणाला. "जवसाचं तेल मी कालवलं. त्ये दगड व्हतं ह्ये मला ठाव व्हतं, तुमाला नाय."

"तरी मी सांगणार."

"नका." त्याने माझा हात धरला. त्या हाताला अजून पकड होती. "मी ग्येल्यावर तिचं कोन हाय? तिच्या चोळ्या कोन शिवंल? तुमी सांगितलं तर ती तुमच्या दुकानाची पायरी चढल का? मंग तिनं रोज सकाळी कुनाच्या दारात जायाचं, मास्तर?"

म्हणजे चौकशीच्या दिवशी त्याने मला वाचवलं, असं मी पाच वर्षं समजत होतो, ते माझ्यासाठी नव्हतंच. बहिणीला पुढे कोण लागणार आहे, एवढंच त्याने बघितलं होतं. पोळा यायच्या आत तो गेला.

सोनुबाई अजून येते. दिवाळीच्या आधी एक आणि शिमग्याच्या आधी एक, अशा दोन चोळ्या. गेल्या खेपेला कापड माझ्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "दादा म्हनायचा, पोपट मास्तरांसारखा मानूस नाक्यावर दुसरा नाय." मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो बराच वेळ ओवला गेला नाही. ती म्हणाली, "द्या हिकडं," आणि सुई कापडाच्या घडीत उभी टोचून डाव्या हाताने तिने तो ओवून दिला.